आरसा म्हटलं की फाटक उघडायचं

त्याला सगळे 'आरसा' म्हणत. चेहऱ्यावरून पडलेलं नाव नव्हे ते. चेहरा म्हणजे करवतीने अर्धा सोलून तसाच सोडून दिलेला ओंडका. नाव पडलं एका शब्दावरून, आणि तो शब्द त्याचाच होता. रोज सकाळी डोंगरावरच्या चौकीतून तो खाली फोन करायचा आणि म्हणायचा, "आरसा." बस. तेवढं ऐकलं की खाली फाटक उघडायचं.

रस्ता जुना घाटाचा. एके काळी त्यावरून लाकडाचे ट्रक चालायचे, आणि त्यातला एक ट्रक आरसाच चालवायचा. मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. सगळी वाहतूक तिकडे वळली आणि घाट जंगलाला आंदण मिळाला. डांबरावर शेवाळ चढलं, मोऱ्यांत पाला साचला. तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथे मोटारी नकोतच, नुसत्या सायकली चालू द्याव्यात. खाली गावाच्या तोंडाशी फाटक बसलं, वर खिंडीपर्यंत रस्ता डागडुजी करून घेतला, आणि कुठून कुठून माणसं यायला लागली. सायकलीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवलेली, अंगाला चिकटलेले कपडे घातलेली. दिवसभर दम लागेस्तोवर चढायचं, खिंडीत बसून दोन्हीकडची दरी बघायची आणि संध्याकाळी उतरायचं. हॉर्न नाही, धूर नाही, वरून झाडांचं छप्पर. त्यासाठी लोक सुट्ट्या काढून येत.

आणि या रस्त्याची झाडलोट आरशाकडे आली. खराटा, फावडं, पहार, आणि सायकलच्या मागे जोडलेला दोन चाकांचा गाडा, एवढा त्याचा संसार. हंगामात तो वरच्या चौकीतच राहायचा. पहाट फुटली की खिंडीपासून खाली कोपराच्या वळणापर्यंत आणि तिथून फाटकाच्या अलीकडच्या मोरीपर्यंत झाडत जायचा, परत चढून चौकीत यायचा आणि फोन लावायचा.

सुरुवातीला तो इतका काटेकोर नव्हता. ट्रकवाल्याला खडा म्हणजे काय, चाकाखाली गेला की पीठ. पण पहिल्याच वर्षी एक बाई उतारावर मुठीएवढ्या दगडावरून उडाली आणि समोरचे दात रस्त्यावर ठेवून गेली. त्या दिवशी फाटकावर त्याचा व्याही बसला होता. फाटकवाला व्याही म्हणजे त्याच्या मुलीचा सासरा. पूर्वी लाकडाच्या वखारीत वजनं करायचा, आता फाटकाचा आडवा बांबू वरखाली करायचा. एका कानाने ठार बहिरा आणि दुसऱ्याने मर्जीप्रमाणे.

"व्याहीबुवा," तो चारचौघांत म्हणाला, "तुम्ही रस्ता झाडता, का खराट्याला फिरायला नेता?"

लोक हसले. आरसाही हसला. पण ते हसू त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं ते कायमचं. दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्यावर खडा राहील तर शपथ. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने फोनवर सांगितलं, "व्याहीबुवा, या आणि तोंड बघा. रस्ता म्हणजे आरसा केलाय."

तारेतून बोलणं म्हणजे वाळू चाळल्यासारखी खरखर. व्याह्याला त्यातला एकच शब्द कळला. तोच पुढे ठरून गेला. दोघांनाही बरं होतं, कारण व्याह्याशी रोज सकाळी गप्पा मारायची हौस दोघांपैकी कुणालाच नव्हती. आरसा म्हटलं की फाटक उघडायचं. आरसा नसेल तर काय म्हणायचं, हे ठरवायची कधी वेळच आली नाही.

फाटकापाशीच मुलीची शेड. भाड्याच्या सायकली, दुरुस्ती, मागे पाहुण्यांसाठी चार खोल्या, खोल्यांत लोखंडी खाटा आणि ओल्या मोज्यांसाठी दोऱ्या. नवरा तिचा बोगद्यातून ट्रक नेणारा, घरी पाहुण्यापेक्षा कमी यायचा. शेड तिने एकटीने उभी केली होती. हात बापासारखेच, नखांत कायम काळं ग्रीस. तिने दारावर पाटी लावली होती: 'आरसा सायकल'. पाहुण्यांना ती मोठ्या चवीने सांगायची, माझा बाप वर बसून एक शब्द बोलतो आणि मग तुम्हाला जाता येतं. पाहुणे वर चौकीशी पोचले की त्याच्या खराट्यासकट फोटो काढायचे. त्याला ते आवडायचं. नाही म्हणायचा, आणि खराटा सरळ धरायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना कोपराच्या वळणावरचे दगड बदलले.

दगड पडायचे तसे पूर्वीही. डोंगर म्हटल्यावर अंगावरची खपली काढणारच. पण ते जुने असायचे, गोल, शेवाळ धरलेले, उचलले की खालून किडे पळायचे. आता पडायला लागले ते धारदार. उचलावं तर बोट कापायचं. आतून पांढरे, कापलेल्या बटाट्यासारखे. आरशाने ते बघितलं, आणि दरीच्या कडेला जाऊन खाली लोटून दिलं. रोज. एकेक. कधी गाडाभर.

मग वळणावरच्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं. रस्त्याच्या आतल्या अंगाला खडकातून बोटाएवढी धार यायची. मुलगी लहानपणी ट्रकमधून उतरून तिथे पाणी प्यायची. आरशाने झऱ्याचं तोंड साफ केलं, पाला काढला. गढूळपणा गेला नाही. दरीकडच्या कठड्याचं पोट सुटलं, त्याला एक चीर गेली. आरशाने सिमेंट कालवून चीर भरली आणि वरून ओल्या फडक्याने अशी पुसली की शोधून सापडू नये.

त्याला कळत नव्हतं असं नाही. अर्धं कळत होतं. उरलेलं अर्धं तो खराट्याने बाजूला सारत होता. कारण वळण बंद झालं म्हणजे रस्ता बंद, आणि रस्ता बंद म्हणजे मुलीच्या खोल्यांना कुलूप. शिवाय, व्याही काय म्हणेल.

हंगामाच्या सुरुवातीला इंजिनीअरबाई तपासणीला आली. तरुण, पायात चिखलाचे बूट, बोलायला सरळ. सबंध रस्ता ती पायी चढली. कोपराच्या वळणावर उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं.

"काका, इथे दगड पडतात?"

"माझ्या रस्त्यावर?" आरसा हसला. "एक खडा दाखवा, आणि माझ्या डोक्यात घाला."

बाईने वाकून रस्ता बघितला. खडा नव्हता. "झाडता छान हो तुम्ही," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. आरशाच्या पाठीवरून कुणीतरी गार हात फिरवल्यासारखं झालं. त्याला वाटलं, हे शाबासकीचं असावं.

पुढच्या महिन्यात एका पाहुण्याची पाण्याची बाटली वळणावर सुटून दरीत गेली. पाहुणा जाऊ दे म्हणत होता, पण आपल्या रस्त्यावरून कुणाचं काही हरवणं आरशाला खपायचं नाही. दुपारी सामसूम झाल्यावर तो वळणाच्या बाजूच्या गुरांच्या वाटेने नेच्यांना धरून खाली उतरला. त्या बाजूला तो कधीच उतरला नव्हता. वरून लोटायचं तेवढं माहीत.

कड्याखाली एक पायरीसारखी सपाट जागा होती. तिथे त्याचे दगड पडले होते. सगळेच्या सगळे.

तळाशी वर्षांमागची वर्षं साचलेली, शेवाळलेली, त्यांतून नेचे उगवलेले. त्याच्यावर हा पांढरा ढीग. अलीकडचा. खालच्या सगळ्या वर्षांचा मिळून होता त्याच्यापेक्षा वरचा पांढरा थर जाड होता. एखाद्या जनावराचं हाड कातडीतून बाहेर आल्यासारखा तो त्या हिरव्यात दिसत होता.

आरसा तिथेच खाली बसला. एकेक करून टाकलेलं. एकत्र त्याने कधी बघितलंच नव्हतं. त्याने टाकलं नसतं, तर हे सगळं वर रस्त्यावर राहिलं असतं आणि आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईला तर दिसलंच असतं.

मग त्याने मान वर केली. खालून कठड्याचं पोट आठव्या महिन्यातल्या गरोदर बाईसारखं दिसत होतं. त्याने पुसून गुळगुळीत केलेल्या सिमेंटच्या पट्टीतून चीर पुन्हा वर आली होती. आणि त्याच्याही वर, वळणाच्या डोक्यावरची झाडं, जी त्याच्या ट्रकच्या दिवसांत खांबासारखी सरळ होती, ती सगळीच्या सगळी एका अंगाला कलली होती. कुणीतरी आत काही बोलतंय आणि सगळी कान देऊन ऐकतायत, तशी. पक्षी एक नाही. वरून एक खडा टणटण करत आला आणि ढिगावर आपल्या जागी जाऊन बसला.

बाटली तिथेच पडली होती. ती न घेताच तो वर आला.

संध्याकाळी मुलगी डबा घेऊन सायकलने चौकीवर आली. आली ती बोलतच.

"बाबा, उद्या खराट्याला तेल लाव. मोठा गट आहे. चारही खोल्या भरल्या, वर अंगणात तंबू. मी स्वतः पुढे राहून आणते सगळ्यांना."

"उद्या?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

आरशाने डबा उघडला, परत बंद केला. "उद्या नको आणूस."

"का?"

"पाऊस येईल."

तिने दारातून बाहेर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं. "पाऊस तुझ्या डोक्यात आहे का?"

"दगड पडतात गं थोडे. कोपरावर."

"कुठे पडतात? आत्ता तिथूनच आले. खडा नाही." ती हसली. "आणि बाई बघून गेली ना? तूच तर छाती काढून म्हणालास, एक खडा दाखवा. सासरे अजून सगळ्यांना नक्कल करून दाखवतात."

आत्ता सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? ढीग सांगायचा, चीर सांगायची, सिमेंट सांगायचं, फडकं सांगायचं. मुलगी खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होती. तिच्या कपाळाला ग्रीसचं बोट लागलेलं होतं.

"काय आहे ते नीट सांग, बाबा."

"काही नाही," तो म्हणाला. "डबा गार झाला."

ती गेली. तिच्या सायकलची घंटी वळणावळणाने खाली जाताना ऐकू येत राहिली. कोपराच्या वळणावर ती क्षणभर बुडाली, आणि पलीकडून परत ऐकू आली तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

सकाळी धुकं होतं. आरसा वळणावर पोचला तेव्हा रस्ता पांढरा होता. दगड एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरलेले, कुणी पेरून गेल्यासारखे. आणि हात बघा माणसाचे! मन म्हणत होतं थांब, पण हातांनी खराटा घेतला, फावडं घेतलं, आणि लोटायला लागले. खालच्या टोकाकडून निम्मं वळण साफ झालं तेव्हा तो भानावर आला. कानाला काहीतरी खटकत होतं. कशाचा आवाज आहे म्हणून तो ऐकू लागला, तर आवाज नव्हताच. झरा बंद झाला होता. खडक कोरडा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वळणावर पाण्याचा आवाज नव्हता.

त्याने खराटा टाकला, गाडा सोडून सायकल घेतली आणि चौकीपर्यंत उभ्याने पायडल मारत चढला. फोन उचलला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती.

"व्याहीबुवा! आरसा नाही! ऐकता का, आज आरसा ना..."

"बरं," तिकडून आवाज आला, आणि खट्.

आरशाने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. व्याह्याने आपल्याला हवा तो एक शब्द उचलला होता आणि बाकीचं वाळूत सोडून दिलं होतं. इतक्या वर्षांची सवय. त्याने परत फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच. व्याही बाहेर जाऊन बांबू वर करत असणार, आणि पाहुण्यांना सलाम ठोकत असणार.

आरसा सायकलवर बसला. खाली जायला तोच एक रस्ता. ट्रक चालवताना पन्नास वेळा ब्रेक जळले होते, पण असा तो कधी उतरला नव्हता. वळण जवळ आलं तसे त्याने ब्रेक सोडले. धुक्यात चाकाखालून खडे गोळ्यांसारखे उडत होते. वर कुठेतरी लाकूड करकरलं, वखारीत ओंडका फाटायच्या आधी करकरतं तसं. मागे बघायची त्याची छाती झाली नाही.

वळणाच्या खाली, सरळ पट्ट्यावर, त्याला घंट्या ऐकू आल्या. सगळ्यात पुढे मुलगी. तो रस्त्यात सायकल आडवी घालून उभा राहिला.

"आरसा! आरसा!" मागून पाहुणे ओरडले. कुणी कॅमेरा काढला.

"बाबा, हे काय? बाजूला हो."

"मागे फिर."

"फोन केलास ना तू? सासऱ्यांनी फाटक उघडलं."

"आरसा नाही म्हणालो. त्याने निम्मंच ऐकलं."

तिने त्याच्यामागे बघितलं. वळणाचा अलीकडचा निम्मा भाग दिसत होता. स्वच्छ. तासापूर्वी त्यानेच झाडलेला. "कुठे काय आहे?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "माणसांसमोर शोभा करू नकोस, बाबा. रस्ता साफ आहे."

"मी केला म्हणून साफ आहे!" आरसा ओरडला. पाहुण्यांचे कॅमेरे खाली आले. "वर्षभर डोंगर उतरतोय आणि मी तो खाली टाकतोय. कठडा फुटला, मी लिंपला. बाईला खोटं बोललो. काल तुला खोटं बोललो. आता मार मला, पण मागे फिर."

मुलीने सायकल त्याच्या अंगावर टेकवली आणि चालत वळणाकडे निघाली. त्याने दंड धरला, तो तिने झटकला. वळणाच्या तोंडाशी जाऊन ती उभी राहिली. आरसा तिच्या पाठीकडे बघत होता, आणि त्या पाठीपलीकडच्या डोंगराकडे. ती मान वाकडी करून ऐकत होती. लहानपणी ट्रक थांबायच्या आधीच तिला त्या पाण्याचा आवाज यायचा.

ती वळली नाही. तोंड डोंगराकडेच ठेवून पाऊल पाऊल मागे आली, कुत्र्यासमोरून येतात तशी.

"सगळ्यांनी मागे फिरा," ती पाहुण्यांना म्हणाली. "घंटी वाजवू नका कुणी."

इंजिनीअरबाई दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन आली. आरशाने तिला ढीग दाखवला.

"काका, मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही हसला होता."

"हो."

यापेक्षा ती त्याच्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसत्या खुंट्या ठोकायला लावल्या, दोऱ्या ताणायला लावल्या, आणि फाटकाला साखळी घातली. मग त्याला म्हणाली, "आता झाडायचं नाही. लांबून बघायचं. पडेल तो दगड तिथेच राहू द्यायचा. रोज मला काय दिसलं ते सांगायचं, खरं."

म्हणजे न झाडणं हेच आता त्याचं काम. तो मुलीकडे राहायला आला. रोज सकाळी साखळी ओलांडून सरळ पट्ट्याच्या टोकापर्यंत जायचा आणि उभा राहायचा. दगड पडलेले असायचे. हात शिवशिवायचे. तो ते खिशात घालायचा.

डोंगर मात्र पडला नाही. आठवडे गेले. हंगाम गेला. खोल्यांतल्या दोऱ्यांवर मोजे वाळायचे थांबले. मुलीने निम्म्या सायकली विकून टाकल्या. पाटी तेवढी राहिली, आणि येणारेजाणारे ती वाचून हसायचे. व्याह्याला तर विषयच मिळाला.

"काय व्याहीबुवा, तुमचा डोंगर कुठवर आला? वाटेत जेवायला थांबला का?"

"तुम्ही नीट ऐकलं असतंत तर..."

"काय?"

"काही नाही."

"बघा, आता तुम्हीच निम्मं बोलता."

मुलगी बापाशी कामापुरतं बोलायची. टायर दे, पाना दे. आणि ही एके काळी घंटीसारखी बोलणारी पोरगी.

मग दगड कमी व्हायला लागले. आधी गाडाभर, मग ओंजळभर, मग एखाददुसरा. पाऊस येऊन गेला आणि त्याने रस्त्यावरचं सगळं धुऊन दरीत नेलं. त्यानंतर एक सकाळ अशी आली की आरसा पट्ट्याच्या टोकाला उभा राहिला आणि समोर वळण लखलखीत होतं. खडा नाही. खराटा न लागता, पहिल्यांदा. तो बराच वेळ उभा होता. वारा नव्हता. झाडं तशीच कललेली. झरा कोरडा.

घरी आला तर व्याही शेडमध्ये बसून होता आणि मुलगी पंक्चर काढत होती. पाण्याचा टब पुढ्यात, मांडीवर ट्यूब.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

"काही पडलेलं नाही."

तिचे हात थांबले. "काहीच नाही?"

"खडासुद्धा नाही."

व्याह्याला हे मात्र बरोबर ऐकू आलं. "म्हणजे दमला डोंगर! सांगा बाईला. आजच सांगा."

"बाबा," मुलगी म्हणाली. कितीतरी दिवसांनी त्या शब्दात थोडी ऊब होती. "जुने पाहुणे विचारतायत. एक गट तर शनिवारीच यायला तयार आहे. बाई तुझ्या शब्दावर आहे. तू नुसतं म्हण."

शब्द तयार होता. जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, आणि या खेपेला तो शंभर टक्के खरा होता. रस्ता आरसा होता. आरशाने मुलीकडे बघितलं. तिच्या कपाळावर ग्रीसचं बोट होतं, तसंच.

"नाही म्हणणार."

"का?"

"पाणी परत आलेलं नाही."

"पाणी गेलं चुलीत!" तिने ट्यूब आपटली. "रस्ता वाईट होता तेव्हा खोटं बोलून उघडा ठेवलास. आता चांगला आहे तर खरं असून बंद ठेवतोस. तुला माझं पोट बघवत नाही का?"

"रोज थोडं थोडं टाकणारा माणूस एकदम टाकायचा थांबला," आरसा म्हणाला, "म्हणजे तो दमला असंच काही नाही. कशावर तरी अडलंय वर. मागे साठतंय. मला त्या स्वच्छ रस्त्याची भीती वाटते, पोरी. दगड होते तेव्हा वाटली नव्हती एवढी."

"आणि नाही पडला तर? दहा वर्षं नाही पडला तर?"

"तर दहा वर्षं मला शिव्या दे."

"देईन," ती म्हणाली. तिने ट्यूब परत पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधायला लागली. व्याही नखाने पाटीवरचा रंग खरवडत बसला. पाणी निवळलं, स्थिर झालं. त्यात शेडचं छप्पर दिसत होतं, आणि वाकलेल्या मुलीचा चेहरा.

तो चेहरा एकाएकी मोडला. टबाच्या कडेकडून आत बारीक बारीक वर्तुळं यायला लागली. मुलीने हात बाहेर काढले, तरी पाणी थरथरतच राहिलं. भिंतीवरचे पाने एकमेकांना लागून वाजले. आवाज त्याच्या नंतर आला. पायाखालून. मग सगळीकडून. बोगद्यातून एकाच वेळी सगळे ट्रक सुटल्यासारखा, आणि त्यात झाडं मोडल्याचे फटाके.

कुणीच बाहेर पळालं नाही. आवाज थांबला तेव्हा फाटकाच्या वर, जंगलात, धुळीचा एक पिवळा ढग उठून उभा होता आणि सावकाश गावाकडे वाकत होता.

"काय झालं?" व्याही म्हणाला. त्याला ऐकू आलं होतं.

मुलगी उठून दारापर्यंत गेली. साखळी होती, फाटक होतं. त्यापलीकडचा रस्ता नव्हता. आणि आता तो उघडणारही नव्हता, या वर्षी नाही, पुढच्या नाही. ती बराच वेळ उभी राहिली. येऊन परत टबापाशी बसली. पाण्यावर धुळीची साय धरली होती. तिने दुसरं चाक मांडीवर घेतलं, टायर काढायला पट्टी घातली, जोर केला. निघेना.

"बघत काय बसलास," ती बापाला म्हणाली. "धर इकडून."